बैलाच्या पाठीवर आदळलेलं इंजिन

मे २०२४ मधली पहाट होती. रात्री लावलेली जाळी काढून मी आणि धाकटा चुलतभाऊ येलदरी धरणाच्या पाण्यातून परत निघालो होतो. होडीत चाळीसेक किलो मासळी होती, कटला, रोहू आणि थोडी मरळ. बर्फ कमी पडला होता आणि जिंतूरचा लिलाव गाठायचा होता, म्हणून मी वेग वाढवायची इंजिनची मूठ पूर्ण पिळली होती. पाण्याखालून खण्ण असा आवाज आला, होडीचं तोंड उचललं गेलं, भाऊ पुढच्या फळीवर पालथा पडला आणि इंजिन बंद झालं.

भावाची हनुवटी फुटली होती. रक्त येत होतं, पण दात शाबूत होते. होडीत पाणी शिरतंय का ते चाचपून पाहिलं, तळ कोरडा होता. मग इंजिन वर उचललं. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एकाचं टोक गेलेलं, दुसरं पानासारखं मुडपलेलं. पंख्याच्या खाली जो माशाच्या परासारखा उभा भाग असतो, ज्याला मुंबईचे दुकानदार स्केग म्हणतात, त्याचा अर्धा तुकडा गायब. दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं, पण सगळी होडी थरथरायला लागली. ते बंद केलं आणि वल्ही मारत काठ गाठला. लिलाव हुकला. मासळी दुपारी गावातच मिळेल त्या भावानं विकली.

काठावर थोरले काका बसलेले होते. होडी हातानं वल्हवत येताना बघूनच त्यांनी ओळखलं.

"बैलावर घातलीस का?"

बैल म्हणजे पाण्यातला एक खडक. धरण भरलेलं असलं की तो दहा-पंधरा हात खाली असतो, त्याची कुणी आठवणही काढत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी पाण्याचा रंग तिथं जरा फिकट दिसतो आणि मग एक दिवस काळी पाठ वर येते. आमच्या भागातला सगळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. एक थर टणक तर एक मऊ, मुरमाड. लाटा मुरूम खाऊन टाकतात आणि टणक कातळ तेवढा उभा राहतो, म्हणून त्याच्या कडा कुऱ्हाडीसारख्या असतात. २०२३ चा पावसाळा मराठवाड्याला कमी लागला होता. त्यात येलदरीतून वीजघरामार्गे खाली सिद्धेश्वरला पाणी जातं आणि तिथून पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की आठ दिवसांत काठ दिसण्याइतका मागं सरकतो. आदल्या महिन्यात मी त्याच वाटेनं बिनधोक गेलो होतो. या वेळी पाठ वीतभरच खाली होती आणि पहाटेच्या उजेडात पाणी सपाट काळं दिसत होतं.

"परवाच सांगितलं होतं ना बाबा, बैल जागा झालाय म्हणून," एवढंच काका म्हणाले. त्यांनी सांगितलं होतं, हे खरं आहे.

आता मी केलेली चूक सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते तिच्यासाठीच. आमच्याकडे जुना पंखा पडून होता. मी तुटका काढला, जुना बसवला. थरथर बरीच कमी झाली. इंजिन पंधरा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. सुरू होत होतं, पुढं जात होतं, मागं येत होतं. मला वाटलं, झालं काम. चार दिवस तसंच चालवलं. पाचव्या दिवशी गिअर टाकताना खरखर जाणवली. पंख्याजवळच्या डब्याचा खालचा स्क्रू काढून बघितला तर ऑइलच्या जागी पांढरट, ताकासारखं काहीतरी गळायला लागलं. ऑइलमध्ये पाणी शिरून दोन्ही घुसळली गेली होती.

जिंतूरला एक वस्ताद आहेत. ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. होडीचं इंजिन त्यांनी आयुष्यात दोन-तीनदाच उघडलं असेल, पण गिअरची नस त्यांना कळते. मी बाटलीत ते पांढरं पाणी घेऊन गेलो. त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं आणि विचारलं, "आदळल्यावर किती दिस चालवलं?"

"चार दिवस."

"बेटा, पंखा तुटला ते डोळ्याला दिसलं. मार आत कुठवर गेला ते कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी इंजिन टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेलं. वस्तादांनी पहिल्यांदा पाना उचलला नाही. इंजिनला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कशाला?"

ही दोरी मी वर्षभरापूर्वी बांधली होती. इंजिन पाठीमागं चालवताना वर उचललं जाऊ नये म्हणून एक आकडा असतो. त्या आकड्याची स्प्रिंग ढिली झाली होती आणि रिव्हर्स टाकला की इंजिन पाण्याबाहेर उडायचं. स्प्रिंग शोधत बसण्याऐवजी मी दोरीनं आवळून टाकलं. पुढं जाताना आकडा मोकळा असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. खाली काही लागलं तर इंजिननं बिजागरीवर झुलून वर उठावं, मार अर्धा तिथंच जावा. माझं इंजिन उठूच शकलं नाही. पंधरा हॉर्सपॉवरची ओढ आणि भरल्या होडीचं वजन, सगळं त्या एका पंख्यावर आणि दांड्यावर आलं. ढिल्या स्प्रिंगच्या जागी आवळलेल्या त्या दोरीनं आम्हाला जवळजवळ वीस हजारांचा खर्च लावला.

इंजिन पाण्यात पडू नये म्हणून होडीला बांधायची दोरी वेगळी. ती हवीच, पण तिला एवढी ढील पाहिजे की इंजिन पूर्ण वर उठू शकेल.

खालचा भाग उतरवायचं काम आम्ही लिंबाच्या झाडाखाली केलं. ज्यांनी हे कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी आतली रचना सांगतो. वरच्या इंजिनातून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला छोटा गिअर असतो. तो समोरासमोरचे दोन गिअर एकाच वेळी उलट-सुलट फिरवतो, एक पुढं जाण्याचा, एक मागं येण्याचा. दोघांच्या मध्ये दातेरी गुंडी सरकते आणि ज्या गिअरला धरेल तिकडं पंख्याचा आडवा दांडा फिरतो. हे सगळं मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, ऑइलमध्ये बुडालेलं. दांडा डब्यातून बाहेर येतो तिथं दोन रबरी सील, बाकी पाणी आणि गिअर यांच्यात काही नाही.

पंख्यापासून सुरुवात करून मार आत कसा गेला ते वस्तादांनी एकेक भाग हातात देत दाखवलं. पंख्याच्या मध्यभागी रबराची बुशी असते. आघात झाला की तिनं घसरायचं आणि गिअर वाचवायचे. माझ्या तुटक्या पंख्याची बुशी एका बाजूनं फाटली होती, म्हणजे तिनं आपलं काम केलं होतं. नंतर बसवलेला जुना पंखा त्यांनी उलटा करून बघितला आणि बाजूला टाकला. त्याची बुशी कधीतरी घसरत असणार, म्हणून कुणीतरी आरपार भोकं पाडून तीन बोल्ट ठोकले होते. असा पंखा पुन्हा दगडाला लागला असता तर थेट गिअरचे दात गेले असते. बोल्ट मारून 'पक्के' केलेले पंखे आमच्या काठावर अजून दोन-तीन तरी आहेत. मी दोघांना जाऊन दाखवून आलो.

मग दांडा. पंख्याचा दांडा आणि त्याच्या बेअरिंगची टोपी डब्यातून ओढून काढायला पुलर लागतो. वस्तादांनी लोखंडी पट्टीला तीन भोकं पाडून, लांब बोल्ट लावून दहा मिनिटांत तो तयार केला. समुद्रावरच्या इंजिनात ही टोपी मिठानं गंजून जाम होते म्हणतात. आमचं पाणी गोडं, चार फेऱ्यांत सुटली. आत पातळ पत्र्याच्या शिम होत्या, एक गिअरच्या मागं, एक पुढं. दिसायला सारख्या, जाडीला वेगळ्या. गिअरचे दात एकमेकांत किती खोल बसतात ते या शिम ठरवतात. त्यांची अदलाबदल झाली तर नवे गिअर टाकूनही रडगाणं राहतं. वस्तादांनी बायकोचा डाळ-मसाल्याचा जुना डबा मागवला आणि प्रत्येक वाटीत एकेक भाग, निघाला त्या क्रमानं ठेवला. मी मोबाईलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला.

दांडा वाकला आहे का, हे बघायची घरगुती रीत म्हणजे काचेवर लोळवायचा. आरशावर दांडा ठेवून बोटानं ढकलला तर एका जागी खालून उजेड दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. उभा दांडाही लोळवला, तो सरळ होता. गिअरचे दात नखानं एकेक तपासले. कडा शाबूत, फक्त पाण्यामुळं दोन ठिकाणी गंजाचे ठिपके यायला सुरुवात झाली होती. बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं वाजायचं. अजून दोन दिवस चालवलं असतं तर बेअरिंग अडकून सगळंच गेलं असतं. वर इंजिनच्या माथ्यावरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, जागेवर धरून ठेवणारी चावी कापली गेलीय का तेही त्यांनी उघडून बघितलं. ती नीट होती.

परभणीला एका लेथवाल्याकडे दांडा वाकडेपणा मोजणाऱ्या डायलवर लावला. काटा ०.४० मिलिमीटर हलला. डोळ्याला हे काहीच नाही. पण मिनिटाला हजारांवर फेरे घेणाऱ्या दांड्याला एवढी थरथर असली की सीलचं रबरी ओठ त्याच्या मागं धावू शकत नाही, दर फेऱ्याला फट पडते, आणि त्या फटीतून पाणी आत जातं. ऑइलचं ताक कसं झालं ते मला तिथं कळलं. लेथवाला म्हणाला, प्रेसवर दाबून सरळ करून देतो. मी हो म्हटलं, कारण नव्याची किंमत विचारली होती. तासाभरात काटा ०.१० वर आणला. वस्तादांनी फोनवरच नकार दिला. कडक केलेलं पोलाद एकदा वाकवून पुन्हा उलटं वाकवलं की आतून चिरायला लागतं, आणि ०.१० सुद्धा सीलला जास्तच आहे, असं त्यांचं म्हणणं. लेथवाल्यानं मजुरीही घेतली नाही, "तुझं वस्ताद बरोबर सांगतंय," म्हणाला.

नवा दांडा मराठवाड्यात कुठं मिळणार? इंजिन होडीला अडकवायच्या चापावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतो. ती घासून स्वच्छ केली, फोटो काढला, जुना दांडा फडक्यात गुंडाळला आणि रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. भाऊच्या धक्क्याकडच्या एका दुकानात म्हाताऱ्या काउंटरवाल्यानं नंबर न बघता दांडा हातात घेऊन दाते मोजले आणि मागून डबा आणला. मी तरी नंबर ताडून घेतला. दांडा, दोन सील, ऑइलच्या स्क्रूचे वायसर, पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर, नवा पंखा, आकड्याची स्प्रिंग. स्प्रिंगची किंमत ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. ती १८० रुपये होती. बेअरिंग तिथं घेतलं नाही. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर परभणीच्या बेअरिंगच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळाला.

आल्यावर डब्याचं काम राहिलं होतं. तुटलेला स्केग नुसता शोभेचा नसतो. खालून काही आलं तर पंख्याच्या आधी तो मार खातो, शिवाय होडी सरळ चालायला मदत करतो. त्याच्या तुटक्या कडेपासून वर एक केसासारखी रेघ जात होती. ती ओरखडा आहे की भेग, हे कळायला लाल रंगाचा फवारा मारून पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. आमच्या रेघेतून पावडरीवर लाल रंग उमटला, म्हणजे भेगच. सुदैवानं ती बेअरिंगच्या बैठकीपासून तीन बोटं लांब थांबली होती.

हे वेल्डिंग गावातल्या वेल्डरचं नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जी ऑक्साइडची अदृश्य साय असते ती वितळायला दोन हजारांच्या वर तापमान लागतं. साय फुटत नाही आणि खालचा धातू मात्र थेंब होऊन गळून जातो. म्हणून आर्गन वायूच्या आवरणात, एसी करंटवर वेल्ड करतात; त्या करंटच्या उलट्या फेऱ्यात साय झटकली जाते. छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या एमआयडीसीत असं काम करणारी छोटी युनिट बरीच आहेत. एसटीनं डबा मांडीवर घेऊन गेलो. तिथल्या कारागिरानं आधी डबा गरम करून आत मुरलेलं ऑइल बाहेर काढलं, ॲसिटोननं पुसलं, परत गरम केला. असं तीनदा. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकायची थांबते. मग भेगेची खाच करून भरली आणि स्केगच्या जागी पट्टी जोडून घासून आकार दिला. बेअरिंगच्या बाजूला त्यानं ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं, बैठक तापून वाकडी होऊ नये म्हणून. त्याचा हात बघत मी दोन तास उभा होतो. फार सुंदर काम करतो तो माणूस.

जोडणीत सगळ्यात नाजूक गोष्ट सील. दोन सील पाठीला पाठ लावून बसतात. एकाचं ओठ बाहेर, पाणी अडवायला, दुसऱ्याचं आत, ऑइल धरायला. मधल्या पोकळीत ग्रीस. दोन्ही एकाच दिशेनं बसवले तर सगळी मेहनत वाया. दांड्याच्या दात्यांवरून सील सरकवताना ओठ कापू नये म्हणून वस्तादांनी दात्यांवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. इंपेलर बसवताना त्याची पाती फिरण्याच्या दिशेनं मुडपली पाहिजेत, म्हणून दांडा उजवीकडं फिरवत तो आत ढकलला.

ऑइल भरण्याआधी परीक्षा. वरच्या स्क्रूच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडला, प्रेशरमीटरचा पंप लावला आणि डबा पाण्याच्या टाकीत बुडवून दहा पीएसआय हवा भरली. दांडा हातानं फिरवला. सीलकडून एकही बुडबुडा नाही, वेल्डकडूनही नाही. पण काटा हळूहळू खाली यायला लागला. सगळीकडं बघून शेवटी खालच्या स्क्रूपाशी मोहरीएवढे बुडबुडे दिसले. मी तिथं सवयीनं जुनाच वायसर लावला होता, नवे खिशात असताना. बदलला, परत हवा भरली. दहा मिनिटं काटा हलला नाही.

ऑइल नव्वद नंबरचं, हायपॉइड. ते वरून ओतायचं नाही. खालच्या भोकातून दाबत भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. म्हणजे आतली हवा निघून जाते. मग आधी वरचा स्क्रू आवळायचा आणि त्यानंतर खालची नळी काढून खालचा. डब्यात पाव लिटरच्या आसपास मावलं.

इंजिन होडीवर चढवण्याआधी मागची फळी ठोकून बघितली. डाव्या बाजूला आवाज पोकळ आला. धक्क्यानं फायबर आतल्या लाकडापासून सुटलं होतं. ते खरवडून रेझिन भरलं, दोन दिवस वाळू दिलं, आणि चापाच्या खाली सागाची जाड फळी लावली. आकड्याला नवी स्प्रिंग टाकली. दोरी सोडून फेकून दिली.

तोवर जून उजाडला होता. जवळजवळ महिनाभर होडी काठावर होती आणि घरात दोन कुटुंबांचं जेवण काकांच्या वल्ह्याच्या होडीवर चाललं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं आहे. त्या दिवसांत ते पहाटे तीनला उठून जायचे आणि मला काही बोलायचे नाहीत.

पहिल्यांदा पाण्यात टाकलं तेव्हा वस्ताद स्वतः आले होते. इंजिनच्या बाजूनं थंड पाण्याची धार बोटभर जाड पडत होती. अर्धा तास मंद चालवलं, मग मूठ पिळली. हँडलवर हात ठेवला तर मुंग्या येत नव्हत्या. काठावर येऊन खालचा स्क्रू सैल केला आणि चमचाभर ऑइल तळहातावर घेतलं. मधासारखं पारदर्शक. वस्तादांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "दहा तास चालव, मग सगळं काढून परत बघ."

त्या दहा तासांत आम्ही आणखी एक काम केलं. काकांना होडीत बसवून बैलाकडे गेलो. वीस लिटरचे तीन कॅन लाल रंगवून, दगड बांधून त्याच्या तिन्ही बाजूंना सोडले. दोरी किती ठेवायची हा खरा प्रश्न होता, कारण पाणी वर आलं की आखूड दोरीचा कॅन बुडतो आणि पाणी उतरलं की लांब दोरीचा वाहवत भलतीकडे जातो. काकांनी दगडाला बांधलेली दोरी कॅनला पक्की न बांधता कॅनच्या कडीतून ओवली आणि दुसऱ्या टोकाला लहान वजन लावलं. पाणी चढलं की कॅन वजन ओढत वर येतो, उतरलं की वजन दोरी खाली खेचून घेतं. त्या दिवशी धरणाच्या पट्टीवर पातळी किती होती ते मी वहीत लिहिलं आणि शेजारी बैलावर किती पाणी होतं तेही, बांबूनं मोजून. आता दर आठवड्याला लिहितो. काकांकडून अजून पाच खडकांच्या जागा उतरवून घेतल्यात. दोन तर मला माहीतच नव्हते, आणि त्यांच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन.

दहा तासांनी ऑइल काढलं. तळाशी थोडी राखाडी झाक होती, नवं बेअरिंग बसतानाची. पाण्याचा मागमूस नव्हता.